पायाशी बसणारी बाई

तिच्याइतकी भित्री बाई शोधून सापडली नसती. लिफ्टमध्ये एकटी जायची नाही. फोन वाजला की हात आधी छातीवर, मग फोनवर. पाल दिसली की ही खुर्चीवर उभी आणि पाल आपली भिंतीवर निवांत. नवरा म्हणायचा, "अगं, हळू ओरड, त्या पालीला झटका यायचा." भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही खोटं नाही. आणि असल्या बाईला नोकरी कुठे मिळावी? हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात. घ्या!

त्याआधी ती ब्यूटी पार्लरमध्ये होती. पायांचं काम तिच्याकडे. टाचा घासायच्या, नखं कापायची, पोटऱ्या चोळून द्यायच्या. तिथे हॉस्पिटलातल्या फिजिओ मॅडम यायच्या, दिवसभर उभं राहून त्यांचे पाय भरून यायचे. एकदा ही पाय चोळत असताना त्यांना खुर्चीतच डुलकी लागली. जाग आल्यावर म्हणाल्या, "आमच्याकडे येतेस का कामाला? पाय भरपूर आहेत, आणि तक्रार करणारा एकही नाही." तक्रार का नाही ते तिला वॉर्डात पाऊल टाकल्यावर कळलं. कुणाच्या तोंडात नळी, कुणाच्या छातीत नळी, आणि सगळीकडे यंत्रांची टिकटिक. तिची पाचावर धारण बसली. पहिला दिवस तिने निम्मा स्टोअररूममध्ये कापसाच्या खोक्यांमागे काढला, असं वॉर्डातले अजून हसून सांगतात.

पण टिकली. काम तसं साधं होतं, साधं म्हणजे सांगायला. अशा पेशंटचं ड्रेसिंग बदलताना, घशातला कफ मशीनने ओढताना, छातीतली नळी काढताना जिवाचं पाणी होतं. औषध देतातच, पण औषध देऊनही थोडं दुखणं उरतंच. त्या उरलेल्या दुखण्यासाठी ही. आधी थोडा वेळ तळपाय नि पोटऱ्या चोळायच्या, काम चालू असताना पाय धरून बसायचं, झालं की पुन्हा चोळायचं. फिजिओ मॅडमनी नियम घोकून घेतले होते. जखमेच्या आसपास फिरकायचं नाही. पोटरी सुजलेली किंवा गरम लागली तर हात काढायचा आणि सिस्टरला हाक मारायची. हातमोजे घातल्याशिवाय कुणाला शिवायचं नाही.

आणि तोंड बंद ठेवायचं नाही, असाही एक नियम होता. तो मात्र तिला घोकावा लागला नाही. भीती वाटली की तिची जीभ सुटायचीच. "आजोबा, मी पायवाली हं. आता नळी काढणारेत, दुखेल, थोडकंच दुखेल, मी आहे, पाय माझ्याकडे आहेत तुमचे, पळून जाऊ देत नाही." बेशुद्ध माणसाशीही हिच्या गप्पा चालू. सगळे तिला पायवाल्या मावशी म्हणायला लागले. पायांना हात लावताना भीती तर रोज वाटायची, की हा माणूस आत्ता माझ्या हाताखालीच गेला तर? पण बडबडीच्या नादात हात चालत राहायचे, आणि यंत्रावरचा धावणारा ठोका हळूहळू खाली यायचा. ते बघितलं की हिच्या जिवात जीव यायचा.

एक दिवस सकाळी खालून निरोप आला, भाजलेला पेशंट वर येतोय. वॉर्डात धावपळ सुरू झाली. मावशीही हातमोजे चढवून, मालिशची बाटली घेऊन भिंतीला लागून उभ्या राहिल्या. ट्रॉली आत आली ती पायांच्या बाजूने. बूट काढलेले होते, मोजे तसेच होते. डाव्या मोज्याच्या अंगठ्याला रफू होतं, करड्या मोज्याला काळ्या दोऱ्याचं, कारण घरात करडा दोरा नव्हता. ते रफू तिने आदल्याच आठवड्यात केलं होतं.

बाटली हातातून पडली. ती स्वतः मात्र नाही पडली, कशी कोण जाणे.

नवरा एका मोठ्या लाँड्रीत बॉयलरवर कामाला होता. वाफेचा पाइप जोडावर सुटला आणि वाफ सरळ अंगावर आली. जाड बूट, चामड्याचा एप्रन, त्यामुळे कमरेखाली काही झालं नाही. छाती, एक खांदा, एक हात, मान आणि चेहरा मात्र भाजला. वाफ श्वासाबरोबर आत गेली म्हणून घसा सुजला, म्हणून तोंडातून श्वासाची नळी घातली. डोळे सुजून मिटले होते, वर पट्टी. गुंगीचं औषध चालू होतं, पण ती गुंगी काही पूर्ण झोप नव्हे. तिला ते कुणी सांगायला नको होतं. अशी माणसं अर्धीमुर्धी जागी असतात, हे त्यांच्या पायांवरूनच तर ती रोज ओळखायची.

"तू घरी जा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. मोठ्या म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख, आवाज असा की डॉक्टरसुद्धा सरळ उभे राहायचे. "आपल्याच माणसाचं काम आपण करायचं नसतं."

"सिस्टर, पाय पडते तुमच्या. दुसरं कुणी पायाशी बसलं तर मी बाहेर मरून जाईन."

सिस्टरनी हातातली फाइल मिटली. "ठीक आहे. पण पायाशी बसशील तेव्हा तू वॉर्डाची. बायकोपण दाराबाहेर ठेवून यायचं. ड्रेसिंग चालू असताना रडारड केलीस तर दुसऱ्या दिवशी तुला आत घेणार नाही. कळलं?"

कळलं. इतकं कळलं की तिने दातावर दात ठेवून तोंडच बंद केलं. दुसऱ्यांच्या भीतीने तिची जीभ सुटायची, ही भीती मात्र जीभच गिळून बसली. पहिल्या दिवशी ती "अहो" म्हणायला गेली आणि घशात असा हुंदका दाटून आला की तिने ओठ चावून तो मागे ढकलला. समोर सिस्टर चिमट्याने पट्टी सोडवत होत्या. बोलले की रडणार, रडले की बाहेर, हा हिशोब तिच्या डोक्यात पक्का बसला. बोलायची गरज तरी काय, असंही तिला वाटलं. इतक्या वर्षांचा संसार, माझे हात यांना कळणार नाहीत?

मग रोजचं तेच. सकाळी ती यायची, पायावरची चादर बाजूला करायची आणि न बोलता चोळायला लागायची. तळव्यावरून टाचेकडे, टाचेवरून पोटरीकडे. थोड्या वेळाने ड्रेसिंगच्या ट्रॉलीच्या चाकांचा आवाज यायचा, सिस्टर यायच्या, आणि मग जे व्हायचं ते बघवायचं नाही. पट्टी सुटताना त्याचं अख्खं अंग ताठ व्हायचं. तोंडात नळी, त्यामुळे आवाज नाही. नुसता पाय तिच्या मुठीत थडथडायचा. ती घट्ट धरून बसायची आणि मनातल्या मनात म्हणायची, मी आहे, मी आहे, मी आहे.  बाहेर बाकावर नणंद बसलेली असायची, नवऱ्याची थोरली बहीण. ती काही न विचारता चहाचा कप पुढे करायची.

"कसा आहे गं?"

"माझ्या हाताने बरं वाटतंय त्यांना, ताई," ती सांगायची. तिची खरोखर तशी समजूत होती, बिचारीची.

एक दिवस मोठ्या सिस्टरनी तिला औषधांच्या कपाटापाशी बोलावलं. आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

"मावशी, एक सांगते, घाबरू नकोस."

हे वाक्य तिला सांगणं म्हणजे आगीत तेल ओतणं.

"तू पायाला हात लावलास की त्यांचा ठोका वाढतोय. ड्रेसिंगच्या आधीच. काही दिवस बघतेय मी. आज ट्रॉली अजून बाहेरच होती, दुखण्याचं औषध देऊन झालं होतं, तरी तुझा हात लागला आणि आकडा टणकन वर गेला."

"थंड असतील माझे हात," ती म्हणाली. "गरम पाण्याने धुऊन येते उद्यापासून."

 पण ती बाई उद्यापर्यंत कुठली थांबते! त्या दिवशी दुपारी ड्रेसिंग नव्हतं, काही नव्हतं. वॉर्ड शांत होता. तिने हात गरम पाण्याखाली लाल होईपर्यंत धरले, हातमोजे घातले, आणि नवऱ्याच्या पायाशी जाऊन बसली. चादर बाजूला केली. एक हात तळव्याला टेकवला, फक्त टेकवला.

पायाची बोटं आत वळली. टाच गादीत रुतली. दोन्ही गुडघे वर यायला लागले, तिच्यापासून लांब, जमेल तेवढे लांब. यंत्र कोकलायला लागलं. छोटे डॉक्टर धावत आले, मागून सिस्टर आल्या. त्यांनी नळी बघितली, औषध बघितलं, सगळं जागच्या जागी होतं. आणि डोळ्यावरच्या पट्टीच्या कडेने पाणी खाली आलं.

तिने हात काढून घेतला. तरी ते पाय खाली यायला बराच वेळ लागला.

करायला गेली काय आणि झालं काय! रोज आधी हिचा हात, मागोमाग दुखणं. एक दिवस चुकला नाही. त्या अंधारात पडलेल्या माणसाला दुसरं काय कळणार? दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, आणि इथे तर रोज तोंड पोळत होतं. चोळणारा हात म्हणजे आता सोलणार, एवढाच अर्थ त्या पायांनी घेतला होता. दुखण्याची वर्दी देणारी घंटा व्हावी तसा हिचा हात झाला होता.

"तुझी एकटीची चूक नाही ही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "आमच्या लक्षात यायला हवं होतं. ड्रेसिंग नसताना, नुसतं जवळ बसायला म्हणून आम्ही तुला एकदाही पाठवलं नाही. दर वेळी पुढे तू आणि मागे आम्ही. आता ड्रेसिंगला तू नको. आणि काही दिवस पायालाही हात नको."

ती नवऱ्याच्या खोलीच्या काचेबाहेर राहिली. दुसऱ्यांचे पाय चोळायला जायची तेव्हा आधी यंत्राकडे बघायची, मग हात लावायची, मग पुन्हा यंत्राकडे. स्वतःच्या हातांचीच तिला भीती बसली. घरी भांडी घासताना ते हात बघून तिला शिसारी यायची. आणि रोज नणंदेपाशी एकच पालुपद.

"ताई, हे घरी आल्यावर मी पांघरूण सारखं करायला गेले आणि हे असेच दचकले तर?"

"आधी घरी तर येऊ दे!"

"जन्मभर मला भ्यायले तर? मी जवळ गेले की लांब सरकले तर? कसं राहायचं मग एका घरात?"

"जीव वाचतोय बाई त्याचा, ते बघशील की नाही?" नणंद चिडायची, आणि मग स्वतःच पदर डोळ्याला लावून बसायची.

जीव वाचला. घशाची सूज उतरली, नळी निघाली, डोळे उघडले. भेटीच्या वेळेला ती वॉर्डाचा कोट न घालता, साध्या कपड्यात आत गेली. पायांच्या बाजूला फिरकलीसुद्धा नाही. डोक्याशी उभी राहिली, हात पाठीमागे बांधून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी.

त्याने तिला बघितलं आणि त्याची हनुवटी थरथरायला लागली. आवाज म्हणजे नुसती घोगरी फुंकर. "कुठे होतीस गं इतके दिवस?"

"इथेच होते," ती कशीबशी म्हणाली.

"मला वाटलं, तुला आत येऊ देत नाहीत." तो थांबला, गिळलं, पुन्हा दम घेतला. "ऐक. इथे एक बाई आहे. पायाशी बसायची. तुझंच काम करायची, पण बोलायची नाही काही. रबरासारखे हात. ते पायाला लागले की समजायचं, आता सोलणार. रोज यायची. आता काही दिवस नाही आली. तिला पुन्हा येऊ देऊ नकोस."

 पाठीमागे बांधलेली बोटं एकमेकांत रुतली.

"सांगशील ना सिस्टरना? तू इथे कामाला आहेस, तुझं ऐकतील."

"सांगते," ती म्हणाली. "नाही येणार ती."

बाहेर येऊन ती बाकावर बसली ती मटकन. तिने नणंदेला सगळं सांगितलं. नणंदेने आधी कपाळाला हात लावला, मग तिला जवळ ओढून कानात म्हणाली, "सांगू नकोस हं त्याला. मुळीच सांगू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याला माहीतच नाही ना, मग झालं तर! ती बाई गेली, मेली, संपली. तू घरी ने त्याला आणि सुखाने राहा."

बोलणं शहाणपणाचं होतं. काल जिची भीती वाटत होती, ती गोष्ट आपोआप टळली होती. नवरा बायकोला भीत नव्हता, कुठल्या तरी भलत्याच बाईला भीत होता. पण घरी जाताना रस्ताभर तिच्या डोक्यात एकच चालू होतं. एखाद्या दिवशी याचे पाय दुखतील. मी चोळायला बसेन. आणि हात टेकताक्षणी याला कळेल. मी न सांगता कळेल, आणि तेव्हा हा माझ्याकडे ज्या नजरेने बघेल, ती नजर मला सोसणार नाही. त्या विचाराने ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागच्या माणसाने "ओ बाई, चला की!" म्हणून हटकलं तेव्हा भानावर आली.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगच्या आधी ती मोठ्या सिस्टरना विचारून आत गेली. त्याच्या चांगल्या हाताच्या बाजूला उभी राहिली. पलंगाचा कठडा दोन्ही हातांनी धरला.

"अहो, ती बाई मी होते."

"कोण बाई?"

"पायाशी बसणारी. मीच होते ती. ते हात माझे होते."

त्याने तिच्या हातांकडे बघितलं. तिला त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस झालं नाही, ती यंत्राकडे बघत राहिली. आकडा चढत होता. चढता चढता थांबेना.

"तू?" तो म्हणाला. "रोज?"

"रोज. हेच माझं काम ना. वाटलं, बरं वाटेल तुम्हाला. वाटलं, ओळखाल."

"मग बोलली का नाहीस?"

"तोंड उघडलं असतं तर रडले असते हो. रडले असते तर बाहेर काढलं असतं मला."

 त्याने डोळे मिटून घेतले, तिला वाटलं आता तोंड फिरवणार. मग तो त्या फाटक्या आवाजात म्हणाला, "मी तुलाच हाका मारत होतो. ती बाई आली की तुलाच. नळीमुळे आवाज निघत नव्हता. आतल्या आत ओरडत होतो, अगं ये, ती पुन्हा आलीये, तू ये. कान लावून पडायचो, कुठे तुझा आवाज येतोय का." त्याचे डोळे वाहायला लागले. "आणि तू पायाशीच होतीस."

 तिच्या तोंडून नुसतं "अरे देवा" निघालं, आणि इतक्या दिवसांचं अडलेलं रडू फुटलं. धड हळू रडतासुद्धा येईना तिला.

तेवढ्यात ट्रॉलीची चाकं वाजली. मोठ्या सिस्टर दारात आल्या आणि तिचं रडं बघून थबकल्या. पण आज त्यांनी तिला बाहेर काढलं नाही. चाकांच्या आवाजाबरोबर चादरीखालचे दोन्ही पाय वर ओढले गेले. ते तिला दिसलं. तिला ते दिसलं, हे त्यालाही दिसलं.

"मी जाते बाहेर," ती म्हणाली.

"पायाला नको," तो म्हणाला. मग चांगला हात कठड्यावरून पुढे केला. "पण जाऊ नकोस."

तिने सिस्टरकडे बघितलं. सिस्टरनी मानेनेच बेसिन दाखवलं. तिने कोपरापर्यंत हात धुतले, हातमोजे न घालताच परत आली, आणि त्याचा हात हातात घेतला. चोळला नाही, नुसता धरला. सिस्टरनी पट्टीवर पाणी सोडलं, चिमटा उचलला.

"आता खांद्याची पट्टी सोडवतायत," तिने सांगितलं. आवाज फाटला होता, पण होता. "दुखणार आहे. मी इथे आहे. नाक वाहतंय माझं, पण पुसत नाही, तुमचा हात सोडावा लागेल. ताई बाहेर बसल्यात, त्यांनी काल सगळ्या चादरी धुतल्या, पावडर इतकी ओतली की बाथरूममधून फेस पार स्वयंपाकघरात..."

पहिली पट्टी सुटली. त्याने तिची बोटं अशी आवळली की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि वाक्य तिथेच तुटलं.

"थांबू नकोस," तो दातांतून म्हणाला. "बोल. बोलत राहा."

ती बोलत राहिली. फेस कसा निपटला, शेजारीण काय म्हणाली, नळाचा वायसर पुन्हा कसा गेलाय. मध्येच "आता मानेपाशी आलेत हं" म्हणून सांगायची आणि पुन्हा नळावर यायची. चादरीखाली त्याचे पाय थरथरत होते आणि कठड्याला टेकून उभी असलेली तीही थरथर कापत होती, पण तोंड तिने क्षणभरही बंद केलं नाही.